‘तेलगळती’त गळतं काय आणि सोडतं कोण?

रानवाट

इक्वेडोरच्या अॅमेझॉन जंगलातल्या तेलक्षेत्रांवरचा एक लेख मराठीत आणतेय. टेक्साको ही अमेरिकी तेलकंपनी तिथे 1964 मध्ये आली, 1967 मध्ये लागो अग्रिओला तेल लागलं आणि 1992 मध्ये कंपनी गेली. दरम्यान कोफान, सिओना, सेकोया या लोकांचे ओढे-नाले नासले. मी पहिल्या खर्ड्यात सगळीकडे ‘तेलगळती’ लिहिलं. खर्डा वाचणाऱ्या मैत्रिणीने समासात एवढंच लिहिलंय: “गळलं कुठे? सोडलं ना?” तेव्हापासून अडकून पडलेय. शब्द बदलावा का? शिवाय तेलाचं ‘उत्खनन’ म्हणावं की ‘उपसा’?

जुना मुद्रितशोधक

दुसरा प्रश्न सोपा, तो आधी उरकतो. उत्खननात ‘खन्’ म्हणजे खणणं आहे. तेल विंधून काढतात, खणून नाही. त्यामुळे ‘उपसा’ जास्त नेमका. तळ लागेपर्यंत काढत राहायचं, हा भावही त्यात येतो. पण ‘तेल उत्खनन’ वर्तमानपत्रांनी इतकं रुळवलंय की वाचक अडखळत नाही. मी खोडणार नाही.

मैत्रिणीचा शेरा मात्र खोलातला आहे. ‘गळणं’ अकर्मक. छप्पर गळतं, नळ गळतो, पानं गळतात. कुणी गळवत नाही. ‘सांडणं’ तसं कर्ता घेतं, तरी आपण तो टाळतो. पोराच्या हातून पेला कलंडला की ते “मी दूध सांडलं” म्हणत नाही, “दूध सांडलं” म्हणतं आणि मोकळं होतं. आता ‘सोडणं’ आणि ‘ओतणं’ घ्या. इथे कोणी, हा प्रश्न दारातच उभा राहतो. हे बारकावे व्याकरणाचे वाटतात, पण कंपन्यांच्या निवेदनांत पोराची युक्तीच वापरलेली दिसेल.

भूगर्भ

मी काही वर्षं विंधन-स्थळांवर काढली आहेत, म्हणून कामाच्या बाजूने सांगतो. विहिरीतून नुसतं तेल येत नाही. सोबत वायू येतो आणि खडकात कोंडलेलं गरम, खारट पाणीही येतं. त्यात विरघळलेले क्षार असतात, तेलाचे अंश असतात, कधी जड धातूही. विहीर जुनी होत जाते तसं हे पाणी वाढतं आणि पुढे तेलापेक्षा पाणीच जास्त निघतं. तिन्ही वेगळं केल्यावर पाण्याचं करायचं काय? ते पुन्हा खोल खडकात दाबून सोडता येतं, पण त्याला खर्च येतो. इक्वेडोरमध्ये ते ओढ्यांत सोडलं गेलं. पाइप फुटून तेल वाहिल्याच्याही घटना झाल्या, त्यांना गळती म्हणा. पण हे पाणी सोडणं अपघात नव्हता, ती रोजची कार्यपद्धती होती. चालू पाळीत झडप उघडली जाते, तिला गळती म्हटलं तर आमच्या धंद्यातला माणूसही हसेल.

आम्ही त्याला फॉर्मेशन वॉटर म्हणायचो. मराठीत ‘तेलासोबत वर येणारं खारं पाणी’ असं उलगडून लिहा. ‘सांडपाणी’ नको, ते वाचलं की मोरीच डोळ्यांपुढे येते.

दुसरी वही

स्पॅनिश शिकवते, म्हणून थोडी भर. विहिरींशेजारी जमिनीत खड्डे करून त्यांत कच्चं तेल, विंधनाचा चिखल वगैरे भरून ठेवत. तळाला अस्तर नाही, वर झाकण नाही. या खड्ड्यांना तिकडे सर्रास ‘पिसिना’ म्हणतात. आणि पिसिना म्हणजे पोहण्याचा तलाव! वायू जाळणाऱ्या उभ्या नळीला ‘मेचेरो’, म्हणजे लायटर किंवा बर्नर. त्या भागातल्या 9 मुलींनी या ज्वाळांविरुद्ध दाद मागितली आणि जानेवारी 2021 मध्ये तिथल्या प्रांतिक न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ‘मेचेरो’चं ‘मशाल’ करू नका. आपल्याकडे मशाल उजेड दाखवते, मिरवणुकीत पुढे असते. ‘वायू जाळणारी नळी’ पुरे.

लागो अग्रिओ म्हणजे ‘आंबट तळं’. हे नावही त्या जंगलातलं नाही. टेक्साकोची सुरुवात टेक्सासमधल्या सावर लेक या गावी झाली, त्याचंच हे स्पॅनिश भाषांतर. भाषांतरकार म्हणून मला त्याची जरा लाजच वाटते.

रानवाट

‘पिसिना’ला मी ‘तेलतळी’ लिहिलं होतं. आता तो शब्द नकोसा झालाय. ‘खड्डा’च करते. पुढे कंपनीने 1990च्या दशकात काही खड्डे ‘स्वच्छ केले’ असं वाक्य आहे. तिथे काय?

भूगर्भ

ज्यावर वाद आहे तिथे ‘बुजवले’ लिहा. माती लोटली, हे दोन्ही बाजूंना मान्य असतं. खाली काय उरलं यावर भांडण आहे.

जुना मुद्रितशोधक

आणि ‘दोषी ठरली’ लिहिताना दहादा विचार करा. 1993 मध्ये तिथल्या रहिवाशांनी टेक्साकोवर न्यूयॉर्कला दावा लावला. 2001 मध्ये शेवरॉन या दुसऱ्या अमेरिकी तेलकंपनीने टेक्साको घेतली. 2011 मध्ये लागो अग्रिओच्या न्यायालयाने भरपाईचा निकाल दिला, ती रक्कम पुढे 9.5 अब्ज डॉलरवर आली. 2014 मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने म्हटलं की हा निकाल लबाडीने मिळवला होता आणि 2018 मध्ये हेगच्या लवादानेही शेवरॉनच्या बाजूने कौल दिला. निकालाचं काहीही होवो, ओढ्यातलं पाणी लवादापुढे साक्षीला गेलं नाही. पण क्रियापद तोलूनच वापरावं लागेल.

पाणवठा

नायजेरियाच्या त्रिभुज प्रदेशात याच शब्दावर पैसे ठरतात. तिथल्या कायद्याप्रमाणे पाइप गंजून तेल गेलं तर भरपाई मिळते, कुणी मुद्दाम फोडला असेल तर कंपनी सुटते. म्हणजे ‘गळती’ की ‘तोडफोड’, यावर गावाचं पोट. तेलचोरीला तिथे ‘बंकरिंग’ म्हणतात, खरं तर त्या शब्दाचा मूळ अर्थ जहाजात इंधन भरणं. बोदो गावाजवळ 2008-09 मध्ये दोनदा पाइप फुटला आणि शेल या तेलकंपनीने 2015 मध्ये 5.5 कोटी पौंडांवर तडजोड केली.

एक शब्द मीही चुकीचा वापरलाय, कबूल करतो: ‘तवंग’. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने 2011 मध्ये ओगोनीलँडचा, म्हणजे याच त्रिभुज प्रदेशातल्या ओगोनी लोकांच्या मुलखाचा अहवाल दिला. एका ठिकाणी विहिरींना पाणी पुरवणाऱ्या भूजलावर 8 सेंटिमीटर तेल तरंगत होतं. त्याला मी तवंग लिहून मोकळा झालो. मग पट्टी काढून टेबलावर 8 सेंटिमीटर मोजले. चार बोटं आडवी ठेवली तर साधारण तेवढं होतं. तवंग नखाने बाजूला सारता येतो. हा थर आहे. त्या विहिरींत बेन्झीन हे कर्करोगकारक रसायन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या 900 पटींहून जास्त होतं. अहवालाने सफाईला 25 ते 30 वर्षं धरली आहेत.

दुसरी वही

‘पाझर’ही यादीत घ्या. कॅनडात अल्बर्टा प्रांतातल्या कर्ल या तेलवाळूच्या (डांबरासारखं घट्ट तेल मिसळलेल्या वाळूच्या) खाणीतून टाकाऊ पाणी जमिनीतून पाझरतंय, हे मे 2022 मध्ये लक्षात आलं होतं. खालच्या अंगाला राहणाऱ्या आदिवासींना पुरतं कळलं फेब्रुवारी 2023 मध्ये. तोवर ते त्याच परिसरात मासे धरत होते, शिकार करत होते. मराठीत पाझर मायेचा फुटतो. तिथे तो शब्द मला लिहवेना, ‘झिरपणं’ लिहिलं.

तिथल्या खाणकामाचा ‘ओव्हरबर्डन’ तर ऐकाच: तेलवाळूच्या वर असलेली माती नि दलदल, जंगल काढल्यावर जे उरतं ते सगळं. वरचं ओझं! क्री आणि चिपेवायन लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच ‘ओझ्यावर’ जगले.

पाणवठा

ओगोनींचा आणखी एक शब्द राहिला. तेलप्रदूषणाविरुद्ध लढणारे ओगोनी लेखक केन सारो-विवा आणि त्यांच्या 8 सहकाऱ्यांना 10 नोव्हेंबर 1995 रोजी नायजेरियाच्या लष्करी राजवटीने फाशी दिली. जून 2025 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्यांना मरणोत्तर ‘माफी’ दिली. कुटुंबीय म्हणाले, माफी गुन्हेगाराला देतात. त्यांना ‘निर्दोष’ हा शब्द हवा होता.

रानवाट

सगळ्यांचे आभार. वाक्य असं झालंय: “तेलासोबत वर आलेलं खारं पाणी कंपनीने वर्षानुवर्षं ओढ्यांत सोडलं, शिवाय पाइप फुटून तेलही वाहिलं.” दोन क्रियापदं, दोन गोष्टी.

एक गाठ उरलीच. लेखात ‘आउका’ नावाचं तेलक्षेत्र आणि ‘आउका रस्ता’ येतो. आउका म्हणजे किच्वा भाषेत ‘रानटी’. त्याच जंगलातल्या वाओरानी लोकांना इतर याच शब्दाने हिणवत. तेलक्षेत्राचं अधिकृत नाव आजही तेच आहे. तसंच ठेवू?

जुना मुद्रितशोधक

ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे अर्थ द्या, तळटिपेत नको, वाक्यातच.

दुसरी वही

आणि त्याच वाक्यात वाओरानींचं स्वतःचं नावही येऊ द्या. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘माणसं’.