मसाज थेरपीच्या कामात खरंच समाधान मिळतं का? नोकरी सोडायच्या विचारात आहे

काठावरची:

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहूनच टाकते, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी ३६ वर्षांची, गेली १२ वर्षं हिशोबाचं काम करतेय. काम येतं, वरचे लोक खूश आहेत, तक्रार अशी काही नाही, पण संध्याकाळी कॉम्प्युटर बंद केला की आज दिवसभरात आपण कुणासाठी नेमकं काय केलं हे आठवायला गेलं तर काही हाताला लागतच नाही.

दोन वर्षांपूर्वी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. घरी फिजिओथेरपिस्ट यायचे, त्यांनी मला शिकवलं की तो हात खांद्यातून कधी ओढायचा नाही, खालून कोपराला आधार देऊन उचलायचा, आणि मूठ आवळलेली असेल तर बोटांशी झटापट करायची नाही, आधी अंगठा त्याच्या बुडापाशी धरून हळूच बाहेर घ्यायचा, मग बोटं सैल पडतात. रोज रात्री जेवणं झाली की मी त्यांच्याजवळ बसायचे. पहिल्यांदा ती मूठ माझ्या तळहातावर एकेक बोट करत उघडली तेव्हा आम्ही दोघंही काही बोललो नाही, पण दिवसभरात मी घड्याळाकडे बघितलं नाही अशी तेवढीच दहा-पंधरा मिनिटं असायची हे मला खूप नंतर लक्षात आलं.

बाबा आता बरेच सावरलेत, काठी घेऊन चालतात. पण माझ्या डोक्यातून ते जात नाहीये. मसाज थेरपीचा रीतसर कोर्स आहे, शरीररचनेपासून सगळं शिकवतात, प्रवेश घेऊ का? मनात तीन शंका आहेत. आपल्या माणसासाठी करणं वेगळं, पण अनोळखी माणसांच्या पाठी रोज चार-पाच, असं वर्षानुवर्षं करताना ते समाधान टिकतं का? या वयात शरीर साथ देईल का? आणि तिसरं म्हणजे लोकांची नजर. घरी विषय काढला तर काका म्हणाले एवढी शिकलीस ती लोकांची अंगं चेपायला का? प्रत्यक्ष हे काम करणाऱ्यांनी सांगा प्लीज.

हातगुण:

ताई, मी १४ वर्षं हेच काम करतोय त्यामुळे तुमच्या पहिल्या शंकेवरच बोलतो कारण तीच खरी आहे, बाकीच्या दोन्हींवर उपाय असतात.

सुरुवातीला मलाही वाटायचं की दुखणं घालवलं की समाधान. माणूस उठून म्हणाला वा, मान वळायला लागली, की मी हवेत. आणि पुढच्या आठवड्यात तोच माणूस तीच मान घेऊन परत आला की माझा चेहरा पडायचा. अहो तो दिवसाचे दहा तास वाकून स्क्रीनमध्ये बघणार, रात्री झोपणार नाही, तर माझ्या एका तासाने त्याची मान कायमची कशी सुटेल? हे समजायला मला तीन-चार वर्षं लागली. तोपर्यंत जोर लावत राहिलो, जास्त जोर म्हणजे जास्त फायदा अशी समजूत होती, ती पूर्ण चुकीची आहे. दुखलं की स्नायू उलट स्वतःला आवळून घेतो, श्वास अडकतो, आणि मग तुम्ही त्या माणसाशी कुस्तीच खेळत बसता.

आता मी बघतो ते वेगळंच. नवीन क्लायंट टेबलावर उताणा झोपला की मी त्याचा हात मनगटाखाली आणि कोपराखाली धरून जरासा उचलतो आणि थांबतो. जवळजवळ प्रत्येक जण मला मदत करतो, म्हणजे हात स्वतःच उचलून धरतो, मी सोडला तरी तो हवेत तसाच राहील. त्याला सांगा हात सोडून दे, तो म्हणतो सोडलाय, आणि हात तसाच. त्याला खरंच वाटत असतं की सोडलाय. कधी पहिल्याच तासात तर कधी चौथ्या वेळेला, एका श्वासाबरोबर त्या हाताचं सगळं वजन एकदम माझ्या हातात येतं. अख्खा हात भरल्या पिशवीसारखा जड लागतो. त्या क्षणी त्या माणसाने मला काय दिलंय हे मला कळतं, आणि १४ वर्षांत हा क्षण एकदाही जुना झाला नाही, हे मी अगदी मनापासून सांगतो. पाठी सारख्या नसतातच हो. एकाची दुखते डाव्या खांद्याच्या पात्याच्या आतल्या कडेला आणि त्याचं मूळ निघतं मानेच्या बाजूला, दुसऱ्याची कंबर धरलेली असते आणि आखडलेले असतात कुल्ल्याचे स्नायू. हाताला हे शोधायची गोडी लागली की कंटाळा यायला जागा राहत नाही.

काकांचं म्हणाल तर त्यांना एकदा टेबलावर घ्या, वाद घालू नका.

मोकळी_वाट:

हातगुण यांचं पटतं पण दुसरी बाजूही ऐका, कारण मला कुणी सांगितली नव्हती. मी पाचव्या वर्षी अंगठा घालवून बसले. दिवसाला सात-सात क्लायंट घ्यायचे, प्रत्येक गाठीवर अंगठा, अंगठ्याने दाबलं की कसं नेमकं सापडतं ना. आधी सकाळी बाटलीचं झाकण उघडताना कळ यायची, मग चावी फिरवताना, मग रात्री झोपेत. अंगठ्याच्या बुडाचा सांधा, मनगटाला लागून असतो तो. आठ महिने काम बंद. आणि त्या आठ महिन्यांत मला समजलं की ज्या कामात समाधान आहे त्याच कामाने ते समाधान काढूनही घेता येतं, कारण इथे अवजार म्हणजे आपलंच शरीर.

म्हणून पहिल्या दिवसापासून. टेबलाची उंची बघा, शेजारी सरळ उभं राहून हात खाली सोडला की बोटांची मुडपलेली पेरं टेबलाला जेमतेम टेकली पाहिजेत, खोल दाबाच्या कामाला एवढी बास. त्याहून उंच असलं की तुम्ही खांद्याने ढकलता. जोर खांद्यातून काढायचाच नाही, एक पाय मागे, गुडघे जरा सैल, आणि अंगाचं वजन पुढे झुकवायचं. मोठ्या स्नायूंवर अंगठा वापरूच नका, कोपराखालचा सपाट भाग वापरा, कोपर वापरा, अंगठा फक्त शोधायला. आणि दिवसाला चार, फार तर पाच. मध्ये वीस मिनिटं. पहिल्या महिन्यांत पैसे कमी दिसतील आणि सहावा क्लायंट घ्यायचा मोह होईल, तो सहावा क्लायंटच तुमचा अंगठा घेऊन जातो. चालणं आणि पाठीचे-पायांचे व्यायाम चालू ठेवले तर ३६ हे वय अजिबात आड येत नाही, माझ्या बॅचमध्ये पन्नाशीची एक बाई होती आणि तिचं तंत्र आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं होतं कारण तिच्याकडे वाया घालवायला जोरच नव्हता.

नजरेबद्दल. चुकीच्या अपेक्षेने येणारा माणूस कधी ना कधी येतोच. त्याला काय सांगायचं ते वाक्य आधीच पाठ करून ठेवा, "सेशन इथेच थांबतंय, मी बाहेर जाते, तुम्ही कपडे करून या." आवाज चढवायचा नाही, कारणं द्यायची नाहीत. आणि ज्या जागी मालक अशा वेळी क्लायंटची बाजू घेतो तिथे एक दिवसही राहू नका, मी अशी एक जागा सोडलीय आणि जरा उशिराच सोडली याचं वाईट वाटतं.

सांधेजोड:

मी फिजिओथेरपिस्ट आहे, थोडं कोरडं वाटेल पण लिहितो, कारण या कामात समाधान टिकवायचं असेल तर खोटे दावे करायचे नाहीत हे फार महत्त्वाचं आहे. मसाजने अंगातली विषारी द्रव्यं बाहेर जातात, लॅक्टिक ॲसिड निघून जातं, हे सगळं सर्रास सांगितलं जातं. व्यायामाने तयार झालेलं हे ॲसिड, म्हणजे लॅक्टेट, शरीर स्वतःच साधारण तासाभरात मार्गी लावतं, दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याशी त्याचा संबंध नसतो. असे दावे करून कमावलेला विश्वास आतून पोखरत राहतो, कारण आपल्याला माहीत असतं.

आणि गरजही नाही हो, खरं जे आहे तेच पुरेसं मोठं आहे. आपल्या केसाळ त्वचेत असे मज्जातंतू आहेत जे सेकंदाला साधारण १ ते १० सेंटीमीटर एवढ्या सावकाश फिरणाऱ्या हातालाच सगळ्यात जास्त दाद देतात, घाईने फिरवलेल्या हाताला देत नाहीत. १९८६ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुदतीआधी जन्मलेल्या बाळांवर अभ्यास केला, दिवसातून तीनदा १५ मिनिटं हलका मसाज आणि हातापायांची हालचाल, असं १० दिवस. त्या बाळांचं वजन बाकीच्यांपेक्षा ४७ टक्के जास्त वेगाने वाढलं. २०२१ चं वैद्यकाचं नोबेल तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या रिसेप्टरच्या शोधाला मिळालं. तेव्हा काकांना सांगा की अंग चेपणं हा हलका विषय नाही.

आता एक गोष्ट जी प्रत्येक कोर्समध्ये शिकवतात आणि प्रत्येक जण विसरतो. एका मसाज करणाऱ्या मैत्रिणीकडे एक बाई आल्या, लांबचा प्रवास करून आलेल्या, म्हणाल्या पोटरी आखडलीय, जोरात रगड. एकच पोटरी सुजलेली, दुसरीपेक्षा गरम. तिने हात लावायला नकार दिला, आधी डॉक्टरांकडे जा म्हणाली, बाई चिडून निघून गेल्या. शिरेत रक्ताची गुठळी होती. अशी पोटरी चोळली तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. ती मैत्रीण सांगते की आजवरचं तिचं सगळ्यात चांगलं सेशन तेच, जे तिने केलं नाही. ताप, त्वचेचा संसर्ग, रक्त पातळ करायच्या गोळ्या, गरोदरपण, हे आधी विचारायचंच, आणि मानेच्या पुढच्या बाजूला आणि गुडघ्याच्या मागच्या खळग्यात खोल दाब द्यायचा नाही.

परतलेला:

मी सहा वर्षं करून सोडलं, त्यामुळे माझंही नोंदवतो. हात दुखत नव्हते, पैसेही ठीक मिळत होते. पण लोक टेबलावर बोलतात, रडतात, आणि मी ते सगळं घरी न्यायचो. बायको विचारायची काय झालं आणि मला सांगता यायचं नाही, कारण ते माझं नव्हतंच. हे कुणी शिकवलं नाही मला. काम वाईट नाही, ते माझ्यापुरतं मला झेपलं नाही एवढंच. आजही कुणाचा खांदा चढलेला दिसला की हात शिवशिवतात.

काठावरची:

सगळ्यांचे खूप खूप आभार, रात्री दोन-दोनदा वाचलं. मोकळी_वाट तुमचं ते वाक्य वहीत लिहून ठेवलंय. परतलेला यांचं वाचून मात्र पोटात गोळा आला, कारण मी पण तशीच आहे, कुणी रडलं की मलाच भरून येतं. टेबलावर कुणी रडायला लागलं तर नेमकं काय करता तुम्ही लोक?

हातगुण:

हात काढत नाही. हे पहिलं. एकदम हात काढला की माणसाला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. जिथे आहे तिथेच हात स्थिर ठेवतो, दाब नाही, हालचाल नाही, आणि थांबतो. विचारतो फक्त एवढंच की थांबू का चालू ठेवू. का रडताय हे विचारत नाही, ते माझं काम नाही आणि मला त्याचं शिक्षणही नाही, फार झालं तर नंतर समुपदेशकाकडे जायचं सुचवतो. एक आजी यायच्या, नवरा जाऊन वर्ष झालेलं. मी पाठीवर पहिला हात ठेवला आणि त्या रडल्या, नंतर म्हणाल्या वर्षभरात मला कुणी हात लावला नव्हता रे, नमस्कारापुरता सुद्धा नाही. त्या दिवशी मी मसाज असा फारसा केलाच नाही.

परतलेला यांचं खरं आहे, हे घरी येतं. मी दोन गोष्टी करतो. प्रत्येक सेशननंतर कोपरापर्यंत हात गार पाण्याने धुतो, सावकाश, आणि तेवढ्यात त्या माणसाचा विचार संपवतो. दुसरं, महिन्यातून एकदा स्वतः टेबलावर झोपतो, दुसऱ्या थेरपिस्टकडे. माझाही हात सुटत नाही लवकर.

काठावरची:

तीन आठवड्यांनी लिहितेय. नोकरी सोडली नाही अजून, शनिवार-रविवारच्या बॅचला प्रवेश घेतला. काल पहिल्यांदा जोडीदारावर काम करायचं होतं, माझ्या वाट्याला एक वीस-बावीस वर्षांची मुलगी आली, सारखी हसत होती, बहुतेक घाबरली असावी. मी तिचा हात मनगटाखाली आणि कोपराखाली धरून उचलला आणि तो तसाच हवेत, अगदी हातगुणनी लिहिलंय तसा. मी काहीच म्हटलं नाही. बाबांची मूठ आठवली, तिथे पण घाई केली की ती जास्तच आवळायची. वर्गात बाकीचे पुढच्या स्टेपला गेले, बाई आमच्याकडे बघून गेल्या, मी तशीच उभी. मग तिचं हसणं थांबलं, तिने एक मोठा श्वास सोडला आणि हात आला.

आणि हो, टेबल माझ्यासाठी दोन खाचा उंच होतं, खाली करून घेतलं.