कुटुंबाची दफनभूमी गोधडीवर उतरवायची आहे. रचना कशी ठरवावी?

लाल_लुगडे (प्रश्न):
माझे माहेर वसईचे. आमच्या दफनभूमीत जागा अपुरी असल्यामुळे काही वर्षांनी कबर उकरून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि जागा पुढच्या कुटुंबाला देतात. आजीच्या कबरीवरचा दगड आता निघणार आहे. तिच्या लाल लुगड्यांची गोधडी शिवून तीवर प्रवेशाची कमान, कोनाडे आणि घरातल्यांची नावे आणावीत असा विचार आहे, पण कापडावर चित्र चिकटवल्यासारखे ते दिसेल अशी धास्ती वाटते. शिवाय आईचे म्हणणे असे की, अंगावर घ्यायच्या वस्तूवर कबरी नकोत. सुरुवात कुठून करावी?

सुईदोरा:
अमेरिकेतील केंटकी राज्यात एलिझाबेथ रोझबेरी मिचेल या बाईने 1843 मध्ये शिवलेली गोधडी आपण अवश्य पाहावी. ती आज केंटकी हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहात आहे. तिचे दोन मुलगे ओहायोत वारले आणि कुटुंब केंटकीला आल्यावर त्यांच्या कबरी मागे राहिल्या. तपकिरी छटांच्या त्या गोधडीच्या मध्यभागी कुंपण घातलेली दफनभूमी आहे, कडेपासून तिथवर जाणारी कुंपणाचीच वाट आहे, आणि कडेला कापडी शवपेट्या टाचलेल्या असून त्यांवर घरच्यांच्या नावांच्या पट्ट्या आहेत. कुटुंबातले कोणी गेले की त्याची पेटी कडेवरून उसवून मध्यभागी शिवायची, अशी ती योजना होती. (जिवंत माणसाच्या नावाची पेटी आपल्याकडे कोणी शिवली असती, तर वडीलधाऱ्यांनी काय म्हटले असते ते सांगायला नको.) तिने कमानी, कोरीवकाम यांच्या वाटेला न जाता कुंपण, वाट आणि पेटी एवढेच घेतले, म्हणून ते चित्र वाटत नाही. आपणही कमान सोडून फक्त कोनाडे घ्यावेत असे माझे मत आहे. चौकोनी कोनाड्यांची भिंत म्हणजे ठिगळांच्या गोधडीची रचना आयतीच आहे, आणि अस्थी हलवण्याची आपली रीतही त्यातून आपोआप सांगितली जाईल.

कवंदीवाला:
वरील मताशी सहमत आहे. फक्त शिवण्याच्या क्रमाबद्दल लिहितो. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातील स्त्रिया कवंदी (ठिगळांची गोधडी) शिवतात, तेव्हा कडेपासून आरंभ करून धावदोऱ्याने ठिगळे जोडत आतल्या बाजूला येतात, मध्य सर्वांत शेवटी भरतो आणि चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेली त्रिकोणी ‘फुले’ लावतात. याच क्रमाने गेल्यास जिवंत पिढी कडेला घेता येईल आणि नावे ठरेपर्यंत मधले कोनाडे मोकळे ठेवता येतील. आईंची हरकत मात्र गंभीरपणे घ्यावी. नावे पालथ्या बाजूला शिवली, तर पांघरताना वर साधे लाल लुगडेच दिसेल.

जुने_कापड:
दगड निघण्यापूर्वी त्यावर तलम मलमल ताणून बांधा आणि मेणाचा खडू आडवा धरून हलक्या हाताने फिरवा. कोरलेली अक्षरे कोरी राहून भोवतालचा दगड उमटतो. त्याची छपाई न करता उमटलेले कापडच कोनाड्याच्या आकाराचे कापून लावावे, कारण त्या अक्षरांचे वळण सुईने येणार नाही. दगडाचे पापुद्रे सुटत असतील, तर हात न लावता समोरून छायाचित्र घ्यावे. वसईच्या किल्ल्यातील पडक्या चर्चच्या फरशीवर पोर्तुगीज अक्षरांच्या कबरी आहेत. अक्षरांभोवती किनार कशी सोडावी हे त्या पाहून कळेल, मात्र ते संरक्षित स्मारक असल्याने तिथे मेणाचा प्रयोग करू नये.

आणखी एक गोष्ट: जुना लाल रंग सुटतो. लुगड्याचा कोपरा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून पाहावा, आणि डाग उमटला तर मलमल त्याला जोडण्याआधी लुगडे पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे.

लाल_लुगडे:
कोनाड्यांची कल्पना आईलाही पटली, पण नावे पालथ्या बाजूला नकोत, पायथ्याशी असावीत, असे तिचे म्हणणे आहे. मलमल आणून या रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर (प्रार्थनाविधीनंतर) दगडावर उमटवून घेते.