शंभर टक्के मोफत जेवण म्हणजे शंभर टक्के गरिबी नव्हे

अमेरिकेतल्या एका ग्रामीण स्कूल डिस्ट्रिक्टबद्दल (म्हणजे सरकारी शाळांचा कारभार पाहणारा स्थानिक विभाग) चर्चेत कुणीतरी म्हटलंय की तिथे सगळ्याच मुलांना दुपारचं जेवण मोफत मिळतं, म्हणजे अख्खा परिसर गरीब. गरिबी असेलही, पण ह्या आकड्यावरून ती सिद्ध होत नाही. २०१० च्या कायद्याने 'कम्युनिटी एलिजिबिलिटी' नावाची सोय आली: सरकारी अन्नमदतीसारख्या योजनांत आधीच नोंद असलेल्या मुलांचं प्रमाण ४० टक्के झालं की शाळा घरोघरचे अर्ज न मागवता सरसकट सगळ्यांना जेवू घालू शकते. २०२३ मध्ये ही अट २५ टक्क्यांवर आणली. म्हणजे डॉक्टरची मुलगीही त्या शंभरात मोजली जाते. (सोय उत्तमच आहे, ताटापुढे लाजायची वेळ कुणावर येत नाही. फक्त मोजपट्टी म्हणून ती बाद.)

त्यापेक्षा अमेरिकेच्या जनगणना विभागाचे 'सेप' (SAIPE) अंदाज बघा, म्हणजे छोट्या भागांतल्या उत्पन्नाचे आणि गरिबीचे अंदाज. ५ ते १७ वयाच्या मुलांमधली गरिबी डिस्ट्रिक्टनिहाय दरवर्षी मिळते, गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांसाठीचा केंद्राचा 'टायटल वन' निधीही त्यावरच बेततात. उत्पन्न, वय, रोजगार ह्यासाठी त्याच विभागाची 'अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे' ही नमुना पाहणी आहे, पण छोट्या वस्तीचे आकडे पाच वर्षांची पाहणी एकत्र करून काढलेले असतात. एखादी गिरणी मागच्या वर्षी बंद पडली असेल तर तिचा फटका त्यात पुरता उतरलेला नसतो. आकड्याशेजारचा 'मार्जिन ऑफ एरर'चा (अंदाज किती इकडेतिकडे असू शकतो त्याचा) रकाना आधी वाचा, कधीकधी तोच मूळ आकड्याच्या निम्म्याला टेकलेला असतो. आणि डिस्ट्रिक्टची हद्द म्हणजे गावाची हद्द नव्हे, हेही त्या चर्चेत सुटलंय.