भाड्याचे घर आणि खासगी पाणी : अनुभव धागा

भाड्याचे घर पाहताना नळाला पाणी किती वेळ असते हे आपण आवर्जून विचारतो. ते येते कुठून, हे मात्र क्वचितच विचारले जाते. नळयोजनेची जोडणी नसलेल्या घरांत विहीर, बोअर किंवा टँकर हाच आधार असतो आणि त्या पाण्याची तपासणी कोणी करायची, दोष आढळल्यास खर्च कोणी सोसायचा, याबद्दल करारनाम्यात सहसा अवाक्षर नसते. म्हणून हा प्रश्न स्वतः हाताळलेल्यांना लिहिण्याची विनंती केली होती. पाण्याचा स्रोत, दोष, उपाय आणि घरमालकाशी झालेले बोलणे एवढे यावे, नावे येऊ नयेत, अशी अपेक्षा होती. आलेले अनुभव पुढे दिले आहेत.

पुणे, सिंहगड रस्ता परिसर

जानेवारी 2025 मध्ये आमच्या भागात गुलेन बॅरी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, या नसांवर परिणाम करणाऱ्या आजाराचे रुग्ण आढळू लागले. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी ही नावे रोज बातम्यांत येत होती आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडल्यावर सर्वांचे लक्ष पाण्याकडे वळले. आमच्या इमारतीत टँकरचे पाणी आणि बोअरचे पाणी जमिनीखालच्या एकाच टाकीत पडत असे. टँकर कुठे भरला जातो, हे मी सोसायटीच्या समितीला विचारले, तेव्हा आपण सभासद नसल्यामुळे ही विचारणा मालकांमार्फत करावी, असे उत्तर मिळाले. नियमाने ते बरोबर होते, पण पाणी पिणारे आम्ही होतो आणि मालक परगावी राहत होते.

मग इमारतीतील आम्ही काही भाडेकरूंनी आपापल्या मालकांना एकाच मजकुराचे पत्र पाठवले. टँकरच्या भरण्याची जागा पावतीवर लिहून घ्यावी, टाकी धुऊन घ्यावी आणि घरातील नळाच्या पाण्यात उर्वरित क्लोरीन, म्हणजे जंतू मारून शिल्लक राहिलेला क्लोरीन, मोजावा, अशा तीन मागण्या त्यात होत्या. भारतीय मानक आयएस 10500 नुसार निर्जंतुक केलेल्या पाण्यात ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असावा लागतो. आमच्या नळाच्या पाण्याला क्लोरोस्कोप या क्लोरीन मोजण्याच्या साधनात पिवळा रंग आलाच नाही, म्हणजे क्लोरीन शिल्लकच नव्हता. ते छायाचित्र मालकांनी समितीला पाठवल्यावर टँकर रिकामा करण्याआधी क्लोरीन पाहण्याची जबाबदारी वॉचमनकाकांकडे दिली गेली आणि त्यांनी ती मनापासून पाळली. आम्ही पिण्याचे पाणी मात्र तरीही उकळतच राहिलो, कारण हा जिवाणू उकळण्याने नक्की मरतो.

नागपूर, विद्यार्थी

आमच्या खोलीमालकांनी टीडीएस मीटर बोअरच्या पाण्यात बुडवून आकडा दाखवला आणि पाणी शुद्ध असल्याचे सांगितले. तो मीटर केवळ विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. आकडा 150 असला तरी पाण्यात जंतू असू शकतात. जंतूंची तपासणी वेगळी असते आणि तिच्यासाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटलीच वापरावी लागते.

दापोली तालुका

शिक्षिका म्हणून रुजू झाल्यावर विहिरीच्या पाण्यावर चालणारे घर भाड्याने घेतले. घरमालकीण काकू मायाळू होत्या आणि त्यांच्या तीन पिढ्या हेच पाणी प्यायल्या होत्या, त्यामुळे विषय काढणे मला फार अवघड गेले. पहिल्याच पावसात पाणी गढूळ झाले आणि धाकट्याचे पोट बिघडले, तेव्हा आरोग्य उपकेंद्रातून एच टू एस ची तपासणी बाटली आणली. त्यात पाणी भरून ठेवले की मैलाजन्य जंतू असल्यास ते एक-दोन दिवसांत काळे पडते. बाटली मी काकूंच्याच ओट्यावर ठेवली आणि ती काळी होताना त्यांनी स्वतः पाहिली. त्यानंतर वाद झालाच नाही.

ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक, म्हणजे गावातील पाण्याची देखरेख करणारे कर्मचारी, येऊन विहीर पाहून गेले. सार्वजनिक स्रोतांचे पावसाळ्याआधी आणि नंतर सर्वेक्षण होते, धोका मोठा असल्यास ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळते. खासगी विहिरीकडे मात्र बोलावल्याशिवाय कोणी येत नाही, हे मला तेव्हा कळले. विहिरीचा कठडा तुटलेला होता आणि शेजारचा शोषखड्डा 15 मीटरच्या आत, म्हणजे सांडपाणी विहिरीत झिरपू शकेल इतका जवळ होता. काकूंनी कठडा बांधून घेतला. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, साधारण हजार लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात टाकायची, तासभर थांबायचे आणि ओटी या क्लोरीनच्या चाचणीत पिवळा रंग आला की पाणी भरायचे, हे आम्ही दोघी मिळून शिकलो. शोषखड्डा शेजाऱ्यांचा असल्यामुळे तो हलला नाही, म्हणून पिण्यापुरते पाणी आजही उकळूनच घेतो.

लातूर जिल्हा

आमची मुलगी चार महिन्यांची असताना तिला पावडरचे दूध सुरू करावे लागले. बोअर शेताला लागून आहे असे सांगताच डॉक्टरांनी नायट्रेट तपासायला सांगितले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला, त्यात नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या बरेच वर होते. युरिया, शेणखत, शौचालयाचे खड्डे यांतून ते जमिनीत झिरपते आणि सहा महिन्यांखालील बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी करते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे असे पाणी उकळल्यास पाण्याची वाफ होते आणि नायट्रेट मागे राहून अधिक दाट होते. सासूबाई बाळासाठी पाणी जास्त वेळ उकळत होत्या. त्यांना हे समजावताना माझ्या डोळ्यांत पाणी आले. मालकांनी आरओ, म्हणजे पाणी सूक्ष्म पडद्यातून गाळणारे यंत्र, बसवून दिला, कारण त्याने नायट्रेट बऱ्याच अंशी निघते, आणि पाण्याचा नमुना पुन्हा तपासून घेईपर्यंत आम्ही गावातून नळयोजनेचे पाणी आणले.

स्कॉटलंड, हायलंड्स

नोकरीनिमित्त आम्ही डोंगरातील झऱ्यावर अवलंबून असलेल्या घरात भाड्याने राहतो. येथे 2017 च्या नियमांनुसार भाड्याने दिलेल्या घराचा खासगी पाणीपुरवठा नियंत्रित प्रकारात मोडतो. त्यामुळे त्याची तपासणी आणि धोक्याचे मूल्यमापन स्थानिक कौन्सिलने करायचे असते. घरात जंतू मारणारा अतिनील प्रकाशाचा दिवा असूनही नमुन्यात ई. कोलाय हे मैलाजन्य जंतू सापडले. पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या, मातीमुळे पाणी चहासारखे तपकिरी होते आणि अशा पाण्यातून तो प्रकाश पुरेसा आरपार जात नाही, हे अधिकाऱ्याने दाखवून दिले. मालकाने दिव्याआधी फिल्टर बसवला आणि तोवर बाटलीबंद पाणी पुरवले.

ठाणे, वकील

माझ्याकडे येणारे बहुतेक भाडेकरू लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्याच्या करारावर, राहणारे असतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 29 नुसार घरमालकाला भाडेकरूचे पाणी सबळ कारणाशिवाय तोडता येत नाही; परंतु ते पाणी पिण्यायोग्य असले पाहिजे असे हे कलम स्पष्टपणे म्हणत नाही, आणि लायसन्सवर राहणाऱ्याचे हक्क तर मुख्यतः करारातूनच ठरतात. म्हणून नोंदणीआधीच मसुद्यात एक परिच्छेद घालून घ्यावा, असे मी सांगते. पाण्याचा स्रोत आणि शेवटच्या तपासणीची तारीख त्यात लिहावी, पावसाळ्याआधी व नंतर मालकाच्या खर्चाने तपासणी व्हावी, आणि पाणी अयोग्य ठरून ठरावीक मुदतीत सोय न झाल्यास लॉक-इनचा, म्हणजे घर सोडता न येण्याचा, काळ शिल्लक असला तरी अनामत रक्कम पूर्ण परत घेऊन घर सोडता यावे. अलीकडे एका मालकांनी ही अट वाचून आधी नकार दिला, मग स्वतःहून बोअरचे पाणी तपासायला पाठवले आणि अहवाल हाती आल्यावर करारावर सही केली.