डेटाबेसमध्ये रोलबॅकने (फसलेले काम मागे घेतल्याने) सेशनची, म्हणजे त्या जोडणीपुरती असलेली, सेटिंग्जही पूर्ववत व्हावीत का?

प्रश्न (रत्नागिरी): आंब्याच्या पेट्यांची नोंद करणाऱ्या ट्रान्झॅक्शनमध्येच (पूर्ण होणाऱ्या किंवा पूर्ण रद्द होणाऱ्या कामांच्या गटातच) आम्ही टाइमझोन 'एशिया/कोलकाता' करतो, नोंद फसून रोलबॅक झाला, तर हा बदलही पुसला जावा का?

उत्तर (मालवण): पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तो पुसला जातोच, कारण ट्रान्झॅक्शनच्या आत दिलेले साधे 'सेट' (सेटिंग बदलणारी आज्ञा) रोलबॅकबरोबर मागे जाते, मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये मात्र सेशनचे मूल्य बदललेलेच राहते. मला पहिली पद्धत पटते, विशेषतः कनेक्शन पूल (आळीपाळीने वापरायच्या तयार जोडण्यांचा साठा) असताना, नाहीतर अर्धवट कामाची सेटिंग पुढच्याच्या गळ्यात पडते.

उत्तर (गुहागर): सहमत, पण कमिटनंतर (ट्रान्झॅक्शन पक्के झाल्यावर) तेच 'सेट' सेशनभर टिकते, त्यामुळे पूलची अडचण निम्मीच सुटते. 'सेट लोकल' वापरा. ते कमिट असो वा रोलबॅक, ट्रान्झॅक्शनबरोबरच संपते.

प्रश्नकर्ता: आम्हाला टाइमझोन कायमच हवा असल्याने तो 'बिगिन'च्या (ट्रान्झॅक्शन सुरू करणाऱ्या आज्ञेच्या) आधीच ठरवू.