शब्दचर्चा : 'केमोकाइन जीन एक्स्प्रेशन'ला मराठीत काय म्हणावं?

खरवस
एका आरोग्यविषयक मासिकासाठी संशोधनाचा सारांश मराठीत लिहून द्यायचा आहे. विषय आहे मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगात ट्यूमरमधलं केमोकाइनचं जीन एक्स्प्रेशन. 'जनुकीय अभिव्यक्ती' लिहिलं तर संपादकबाई म्हणाल्या, हे कवितासंग्रहाच्या प्रस्तावनेतलं वाटतंय. केमोकाइनला काय म्हणू तेही सुचत नाही. आणि ट्यूमर म्हणजे अर्बुद लिहू की गाठ? जाणकारांनी मदत करावी.

जुना मास्तर
आधी केमोकाइन, म्हणजे पेशींना बोलावून घेणारं प्रथिन. 'केमोटॅक्टिक सायटोकाइन' हे लांबलचक नाव कापून केलेला हा शब्द. सायटोकाइन म्हणजे पेशींमधले निरोप पोचवणारं प्रथिन. १९९२ साली ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या बाडेनला झालेल्या परिषदेत तो ठरला. मागचा 'काइन' ग्रीकमधल्या 'हलणे' या क्रियापदातून आलेला, म्हणजे आपल्या 'सिनेमा'चा भाऊबंद. 'केमोटॅक्टिक'मध्ये रसायनाच्या रोखानं सरकणं आहे. आपल्या शालेय पुस्तकांत 'रसायन-अनुवर्तन' सापडेल, पण ते वनस्पतीचा भाग रसायनाकडे वळतो त्याबद्दल. इथे अख्खी पेशी जागा सोडून चालत जाते. तेव्हा मी 'पेशीपाचारक' सुचवतो. पाचारण करणारं ते पाचारक.

सांगलीकर
मास्तर, शब्द झकास, पण आतड्याच्या लेखात 'पाचारक' छापलात तर निम्मे वाचक 'पाचक' वाचतील आणि हिंगाष्टकाची जाहिरात कुठाय ते शोधतील. त्यापेक्षा 'आवतणी प्रथिन' म्हणा. आमच्याकडे लग्नाचं आवतण अजून देतात.

ओवी
दोन्ही नकोत. केमोकाइन तसंच ठेवा. मात्र एक धोका लक्षात घ्या. ज्यांच्या घरी कर्करोगाचा रुग्ण आहे त्यांच्या तोंडी 'केमो' हा शब्द रोजचा असतो. 'केमोचे चार सायकल झाले' असंच बोलतात. असा वाचक 'ट्यूमरमध्ये केमोकाइन वाढलेले आढळले' हे वाक्य 'औषध गाठीत पोचलं' असं वाचेल आणि सुखावेल. पहिल्यांदा शब्द येईल तिथेच 'शरीरातल्या पेशींनी तयार केलेलं छोटं प्रथिन' एवढं तरी हवंच.

स्लाइडवाला
ओवीताईंशी सहमत. मी पॅथॉलॉजीतला माणूस, भाषेतला नाही, तरी थोडं लांब लिहितो, कारण इथे शब्द चुकला की अर्थच उलटतो.

केमोकाइनचं काम गुळाला मुंगळे लागतात तसंच. प्रथिन जिथे दाट, तिकडे पेशी सरकते. पण कुठला मुंगळा येणार ते गुळावर ठरतं. सीएक्ससीएल८ (जुनं नाव इंटरल्यूकिन-८, १९८७ च्या सुमारास सापडलं) मुख्यतः न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींना बोलावतं, शिवाय नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतं. मोठ्या आतड्याच्या गाठींत ते शेजारच्या अस्तरापेक्षा वाढलेलं वारंवार दिसतं. सीएक्ससीएल९ आणि सीएक्ससीएल१० टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींना बोलावतात आणि रक्तवाहिन्यांची वाढ उलट रोखतात. ज्या गाठींत टी-पेशींची गर्दी असते त्या रुग्णांचं पुढचं चित्र बहुधा बरं असतं. तेव्हा 'केमोकाइन वाढले' या वाक्याला 'म्हणजे वाईट' असं शेपूट जोडू नका. कुठलं वाढलं ते नाव लिहा. नावं रुक्ष आहेत, पण २००० सालापासून ती शिस्तीत आहेत : शेवटी 'एल' असेल तर प्रथिन, 'आर' असेल तर पेशीवरचा त्याचा ग्राही, म्हणजे ते प्रथिन जिथे चिकटतं ती जागा. मराठीत ती तशीच घ्या.

आता 'ट्यूमर'. माझा आग्रह 'गाठ'साठी आहे, कारण ही मापनं बहुतेकदा गाठीचा तुकडा कुटून त्यातला सगळा आरएनए (जनुकांवरून निघालेल्या प्रती) एकत्र काढून झालेली असतात. त्या तुकड्यात कर्कपेशी असतात, तंतुपेशी असतात, रक्तवाहिन्यांच्या पेशी, शिवाय बोलावल्यानं आलेल्या रोगप्रतिकारक पेशी. आकडा या सगळ्यांचा मिळून येतो. 'ट्यूमरमध्ये' याचं 'कर्कपेशींमध्ये' केलंत की संशोधकानं न केलेला दावा त्याच्या नावावर चढतो. सीएक्ससीएल१२ चंच घ्या. कित्येक गाठींत कर्कपेशींतलं त्याचं जनुक मेथिल गट (एक छोटा रासायनिक तुकडा) चिकटून गप्प झालेलं असतं आणि जे काही सीएक्ससीएल१२ गाठीत मिळतं ते मुख्यतः तंतुपेशींकडून येतं. यकृत आणि फुप्फुसात मात्र ते भरपूर असतं, आणि ज्या कर्कपेशींवर सीएक्ससीआर४ हा ग्राही आहे त्यांना तिकडची ओढ लागते. कोण बोलावतंय आणि कोण जातंय, हे वाक्यात वेगळं राहिलंच पाहिजे.

जुना मास्तर
गाठ मान्य. तरी अर्बुदाची बाजू मांडतो. सुश्रुतसंहितेत निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात ग्रंथी आणि अर्बुद वेगळे सांगितले आहेत, आणि अर्बुद पिकत नाही असं म्हटलंय. एवढा नेमका शब्द घरात असताना टाकायचा का?

सांगलीकर
मास्तर, अर्बुद म्हणजे दहा कोटी. तिसरीतल्या पोरालाही ठाऊक होतं हे, आमच्या वेळच्या.

स्लाइडवाला
अर्बुद पाठ्यपुस्तकात चांगला आहे. मासिकात रुग्णाचा मुलगा वाचणार, आणि डॉक्टरांनी त्याला 'गाठ आहे' असंच सांगितलेलं असतं.

खरवस
गाठ पक्की. एक्स्प्रेशनचं काय? मी 'जनुकांचं प्रमाण वाढलं' असं लिहून टाकू का?

ओवी
अजिबात नको! जनुक तेवढंच असतं. वाढते ती त्याच्यावरून निघणाऱ्या आरएनए-प्रतींची संख्या. 'जनुकांचं प्रमाण' म्हटलं की जनुकाच्याच जादा प्रती झाल्या असा अर्थ होतो, आणि कर्करोगात तसंही घडतं, पण ती निराळी गोष्ट. उत्परिवर्तनाशीही गल्लत नको. 'प्रथिनाची पातळी' हेही सैल आहे, कारण आरएनए वाढला म्हणून प्रथिन त्याच मापात वाढेलच असं नाही. अभिव्यक्तीच ठेवा. अभिव्यक्तिस्वातंत्र्यामुळे तो शब्द भाषणबाजीचा वाटतो खरा, पण मुळात 'आत असलेलं उघड होणं' हाच अर्थ आहे, आणि जीवशास्त्राला तोच हवाय. क्रियापद मात्र घरगुती वापरा. 'जनुक व्यक्त झालं' यापेक्षा 'जनुक जास्त चालू होतं', 'जनुक जवळपास बंद होतं' हे कुणालाही कळतं.

सांगलीकर
'जनुक चालू आहे' म्हणजे आमच्याकडे लबाड आहे.

ओवी
कर्करोगातलं असेल तर तेही चालेल.

खरवस
मूळ मजकुरात 'एट-फोल्ड इन्क्रीज' आहे. 'आठपटीनं वाढली' बरोबर ना?

जुना मास्तर
नाही. 'आठपट झाली' लिहा. आठपटीनं वाढली म्हणजे मूळची एक आणि वर आठ, असा हिशोब करणारे माझ्यासारखे खवट वाचक असतात.

स्लाइडवाला
मास्तरांचा हिशोब प्रयोगशाळेलाही जुळतो. क्यूपीसीआर या प्रती वाढवत वाढवत मोजायच्या चाचणीत दर फेरीला प्रती साधारण दुप्पट होतात. संदर्भ जनुकाशी (जे सगळ्या नमुन्यांत साधारण सारखंच चालू असतं) मेळ घालूनही गाठीचा नमुना शेजारच्या अस्तरापेक्षा तीन फेऱ्या आधी ठरलेली रेषा ओलांडत असेल, तर दोन, चार, आठ, म्हणजे आठपट. एक विनंती, त्या संदर्भ जनुकांना इंग्रजीत 'हाउसकीपिंग' म्हणतात म्हणून 'घरकाम करणारी जनुके' लिहू नका. हे मी छापलेलं पाहिलंय. आणि शेजारच्या अस्तराला 'निरोगी' म्हणू नका. ते त्याच रुग्णाचं, गाठीपासून काही अंतरावरचं असतं. डोळ्यांना साधं दिसतं, एवढंच.

खरवस
सगळ्यांचे आभार. आता वाक्य असं केलंय : 'मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाच्या गाठींमध्ये सीएक्ससीएल८ या केमोकाइनच्या, म्हणजे पेशींना आपल्याकडे ओढणाऱ्या छोट्या प्रथिनाच्या, जनुकाची अभिव्यक्ती त्याच रुग्णांच्या गाठीबाहेरील अस्तराच्या तुलनेत आठपट आढळली.'

ओवी
'ओढणाऱ्या' छान. फक्त वाक्य दोन करा, मध्ये दम लागतो.

जुना मास्तर
पाचारक गेलं म्हणायचं. ठीक. 'आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाच्या गाठींमध्ये' यात षष्ठीवर षष्ठी चढली आहे, तेवढी एक उतरवा.