मदत हवी आहे: मॉस आणि पतंग एका तक्त्यात कसे बसवू?

मंडळी, 'दुर्मीळ' आणि 'सर्रास' यावर लेख लिहितोय. दोन टोकं घेतली: टकाकिया हे मॉस (शेवाळासारखी छोटी हिरवी वनस्पती) आणि पेपर्ड मॉथ हा पतंग (दिव्यावरचा, दोऱ्याचा नव्हे). पहिल्या रांगा झरझर भरल्या. पतंगाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच, मॉसच्या हिरव्या भागात एकच. पतंगाचा नर मादीच्या वासामागे उडत जातो, मॉसच्या शुक्रपेशीला पाण्यातून पोहावं लागतं.

'संख्या' या रांगेत मात्र घोडं अडलं. पतंगांसाठी दिव्याचा सापळा लावायचा, सकाळी मोजून सोडून द्यायचे. मॉसचं काय? साध्याच मॉसचा नखाएवढा झुबका भिंगाखाली चिमट्याने सोडवून पाहिला. वर चौदा कोंब, खाली सगळे एकाच तपकिरी गुंत्यात. हे चौदा की एक?

दवबिंदू: एकेक कोंब मोजायच्या फंदात पडू नका. मॉसची लाल यादी (धोक्यातल्या जातींची यादी) करणारे जमिनीवरच्या किंवा खडकावरच्या मॉसने व्यापलेला 1 चौरस मीटर म्हणजे 'एक' धरतात. झाडावरचं असेल तर एक झाड म्हणजे एक. सोयीचा हिशेब आहे, पण सगळे तोच धरतात म्हणून चालतो.

रातकिडा: आणि पतंगाचा आकडा तरी कुठे चोख आहे? पेपर्ड मॉथच्या माद्या दिव्याकडे फारशा फिरकत नाहीत, सापळ्यात भरतात ते बहुतेक नर. तुमच्या टकाकियाचं नेमकं उलटं. कित्येक वर्षं फक्त मादी रोपंच माहीत होती, त्यामुळे ते मॉस की लिव्हरवर्ट (मॉससारख्याच छोट्या वनस्पतींचा दुसरा गट) हेही ठरेना. अलास्काजवळच्या अल्यूशन बेटांवर नर रोपं आणि बीजाणुधानी (बीजाणू तयार होतात त्या कुप्या) सापडल्या, 1993 साली त्यावर लेख आला, तेव्हा कुठे ते मॉसांत पक्कं बसलं.

दवबिंदू: शिवाय 'दुर्मीळ' एकाच मापाने मोजू नका. पर्यावरणशास्त्रज्ञ रॅबिनोविट्झबाईंनी 1981 मध्ये तीन प्रश्न वेगळे काढले: पसारा किती, अधिवास किती ठरावीक, जिथे आहे तिथे किती. टकाकिया जपान, हिमालय, अल्यूशन असं लांबलांब विखुरलेलं आहे. पसाऱ्यावर गेलात तर फसाल.

धागाकर्ता: रातकिडा, एकीकडे नुसते नर, दुसरीकडे नुसत्या माद्या! हे डोक्यातच आलं नव्हतं. 'संख्या' खोडून तीन रांगा करतो. दवबिंदू, एकच शंका: खडकावरचे झुबके हातहातभर अंतरावर तुटक असतील, तर मधली उघडी जागा त्या चौरस मीटरमध्ये धरायची का?